एकतीस नोव्हेंबर

कुताइसीतल्या आमच्या केंद्रात, तळमजल्यावर
औषधाचा फ्रिज आहे. दाराला क्लिपनं तक्ता लावलेला:
तारीख, सकाळ, संध्याकाळ, सही.
औषधानं दोन ते आठ अंशांत राहायचं,
आणि आम्ही त्या तक्त्याच्या चौकटींत.

लामारानं भरलेल्या नोव्हेंबरच्या पानावर
शेवटची ओळ होती:
एकतीस. सकाळी ४.१. संध्याकाळी ४.३. सही.

मी मूठ वळली, उंचवट्यांवर महिने मोजले,
शाळेत मोजायचो तसे.
नोव्हेंबर खळग्यात पडला.
त्या न उगवलेल्या दिवशीही
आमचा फ्रिज अगदी नियमात होता.

गुरुवारी ऑडिटर येणार होता.
तेंगीझ म्हणाला, "नातेला, पान नवं लिहून काढू.
अर्ध्या तासाचं काम,"
आणि त्यानं प्रिंटर सुरूसुद्धा केला.

मी पान खिडकीशी धरलं.
एकच पेन. तोच उजवीकडे कलंडलेला चार.
अठरा तारखेपासून पुढं
शाईनं मध्ये कुठं श्वासच घेतला नव्हता.

लामारा नाही म्हणाली नाही.
"आई पडली. खुबा मोडला. त्स्काल्तुबोची शेवटची बस पाचला.
सतराला बसून सगळं भरून टाकलं.
फ्रिज काय, रोज चारच दाखवतो."

तेही खरंच.
फ्रिजच्या पोटात एक यंत्र दर पाच मिनिटांनी
कुणी सांगितल्याशिवाय टिपत असतं.
त्याचा आलेख काढला: ४.२, ४.०, ४.१,
वीज गेली त्या रात्री ५.६,
आणि पुन्हा खाली.
औषध एकदाही तापलं नव्हतं.
तिचे बहुतेक आकडे बरोबर निघाले.
आणि एकही खरा नव्हता.

"मग बिघडलं काय?" तेंगीझ.
"उगाच पायावर धोंडा पाडून घेतेस."

मला शून्य-बेचाळीस आठवला.
आमच्या कागदांवर नावं नसतात.
चहाच्या कारखान्यातला निवृत्त फिटर, दर दुसऱ्या सोमवारी येतो,
द्राक्षाच्या रसात बुडवून वाळवलेली अक्रोडांची माळ आणतो.
मी ती घेत नाही, नियम आहे.
तो दर वेळी नियम विसरतो.
मग सदरा वर करून, पोट पुढे करून विचारतो,
"थंड होतं ना नीट?"
मी हो म्हणते.
कशावरून म्हणते,
ते त्यानं कधी विचारलेलं नाही.

पुन्हा पान पाहिलं.
एकतीस ओळींच्या खाली, तळाशी: तपासलं.
दोन डिसेंबर. सही माझी,
वळणदार, ठसठशीत.

तेंगीझनं प्रिंटर बंद केला.

चुकीवर एकच रेघ मारायची असते.
खालचं वाचता आलं पाहिजे.
गिरवायचं नाही, पांढरं फासायचं नाही.
शेजारी आद्याक्षरं, आजची तारीख, कारण.
कारणाचा रकाना बोटभर.

लामाराची रेघ जरा चढ चढली.
कारण लिहिलं: हा दिवस नव्हता.
उरलेल्या तेरा दिवसांना बोटभर जागा पुरेना,
वेगळा कागद घेतला.
मग विचलनाचा अहवाल, प्रायोजकाला एक, नैतिकता समितीला एक.
तिची बस गेली.
तेंगीझ काही न बोलता गाडीच्या किल्ल्या शोधू लागला.

मी माझ्या 'तपासलं'वर रेघ मारली.
कारणापाशी पेन बराच वेळ टेकून राहिलं,
तिथं एक ठिपका झाला आहे. तो राहू दिला.
शेवटी लिहिलं: न वाचता.
दोनच शब्द, रकान्यात मावले.

गुरुवारी ऑडिटरनं ते पान दोनदा वाचलं,
ठिपक्याबद्दल विचारलं,
आणि अकरा निरीक्षणं लिहून गेला.

सोमवारी शून्य-बेचाळीसनं सदरा वर केला.
"थंड होतं ना नीट?"
"थांबा," म्हटलं,
आणि जिना उतरून
बघून आले.